माझ्यामागे त्याचे कसे?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. मंडळात मी आजवर आले ती भजनाला, हळदीकुंकवाला आणि दिवाळीच्या फराळाच्या कामाला. यंदा कार्यवाह बाई घरी आल्या व म्हणाल्या, "तुमच्या मुलाविषयी बोला. अशा मुलांच्या आईवडिलांच्या काय आशा असतात ते आम्हांला कळू द्या." मी दोन दिवस मागून घेतले, कारण ज्याच्याविषयी बोलायचे त्याला विचारणे भाग होते. त्याने परवानगी दिली, पण एका अटीवर. "माझं नाव भाषणात घ्यायचं नाही," असे त्याने बजावले. तेव्हा मी त्याचे नाव घेणार नाही. तुम्हां सर्वांना ते ठाऊकच आहे.

माझा मुलगा १९९१ साली जन्मला. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हां दोघांना बोलावून घेतले. मुलाचे डोळे किंचित तिरके, मान फार सैल, हाताच्या तळव्यावर एकच आडवी रेघ, अशी लक्षणे त्यांनी दाखवली आणि 'डाउन सिंड्रोम' हे नाव आम्ही प्रथम ऐकले. मूल उशिरा बसेल, उशिरा चालेल, त्याचे शिकणे फार सावकाश होईल, असे सांगून शेवटी ते म्हणाले, "फार आशा ठेवू नका." त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु बाळंतिणीला आशा ठेवू नको असे सांगणे म्हणजे तिला श्वास घेऊ नको असे सांगण्यासारखेच होय.

आशा मी ठेवली, पण ती भलतीच. आपला मुलगा एक दिवस इतर मुलांसारखा होईल, ही ती आशा. तिच्यापायी आम्ही पाच वर्षे घालवली. नवस केले, उपास केले. बुद्धी वाढवणारी म्हणून कोणी दिलेली चूर्णे मधातून चाटवली. गरोदरपणी ग्रहणात मी विळी हाती घेतली होती म्हणून असे झाले, असे घरात बोलले जाई. मी ते मुकाट्याने ऐके, आणि खरे सांगते, मनातून मलाही ते खरे वाटे.

तुमच्यापैकी कोणाच्या सुनेला किंवा लेकीला असे बोल लावले जात असतील, तर तिच्यासाठी हे नीट ऐका. आपल्या शरीरातल्या पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांमध्ये ती बहुधा ४७ असतात. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा येते. लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ साली या मुलांची लक्षणे लिहून ठेवली, आणि जेरोम लेज्यून या फ्रेंच शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे जादा गुणसूत्र दाखवून दिले. ते बीज पडण्याच्या वेळीच ठरते. ग्रहण, विळी, दृष्ट, कोणाचा शाप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईचे वय वाढते तशी याची शक्यता वाढते हे खरे, तथापि तरुण आयांनाही अशी मुले होतात. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. हे गुणसूत्र काढून टाकणारे औषध कोठेही नाही. म्हणून त्या नावाने कोणी पुडी विकत असेल तर तिला दारातूनच परत पाठवावे. खरी औषधे वेगळ्या कामाची असतात. या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असण्याचे प्रमाण बरेच असते, थायरॉइडचे व ऐकण्याचे दोषही आढळतात. ते तपासून घ्यावेत व वेळीच उपचार करावेत. नवसात गेलेल्या माझ्या पाच वर्षांत ऐकण्याची तपासणी राहून गेली, याची खंत मला अजून आहे.

त्याच्या जन्माच्याच साली 'चौकट राजा' हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून अख्खे चित्रगृह रडले, आमचे शेजारीही रडले. पुढे बरेच दिवस मी मुलाला घेऊन जिना उतरले की बायका डोळ्यांना पदर लावीत. मला त्याचा राग येत नसे. पण पदर लावून झाल्यावर त्या आपापल्या मुलांना घरात बोलावून घेत, हेही मी पाहत असे.

सहाव्या वर्षी त्याला खास मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला. तत्पूर्वी साध्या शाळेने दोन महिने ठेवून घेऊन मग नको म्हटले होते. नव्या शाळेतल्या बाईंनी पहिल्या भेटीत मला विचारले, "याने काय करावं असं तुम्हांला वाटतं?" मी म्हटले, "शहाणा व्हावा." त्या म्हणाल्या, "ते राहू द्या. या सहामाहीत काय करावं?" मला उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनीच त्याच्या सदऱ्याकडे बोट दाखवले. "बटणं लावू दे."

बटण लावण्याची ही गोष्ट सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जणी आया व आज्या आहात. आपण मुलाला काही शिकवतो ते पहिल्या पायरीपासून. त्या बाईंनी शेवटच्या पायरीपासून शिकवले. बटण मी धरायचे, काजात मी घालायचे, अर्धे बाहेर मी काढायचे. उरलेले अर्धे ओढून घेणे एवढेच त्याचे काम. ते जमले की काम पुरे झाल्याचा आनंद रोज त्याच्या वाट्याला येई. मग एक पायरी मागे, मग आणखी एक. आठ महिने लागले. ज्या दिवशी त्याने पाचही बटणे आपली आपण लावली, त्या दिवशी एक काज चुकून सदरा वाकडा झाला होता. बाई म्हणाल्या, वाकडाच राहू द्या. तो तसाच शाळेत गेला.

त्या दिवसापासून माझी आशा बदलली, असे मला वाटते. दूरची मोठी आशा मी गुंडाळून ठेवली आणि हाताशी असलेल्या लहान आशा धरू लागले. स्वतः आंघोळ करावी. रस्ता ओलांडावा. दुकानातून दूध आणावे. दुधाचे सांगते. त्याला आकडे कळत नाहीत, नोटा तो रंगावरून ओळखतो. कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी त्याला वर्षभर रोज नोटा पुढे मांडून शिकवले. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आली. पाचशेची नोट निराळ्या रंगाची झाली, पुढे दोनशेची पिवळी आली, शंभराची जांभळट झाली. आपण चार दिवस कुरकुर करून नव्या नोटांना सरावलो. त्याचे सारे शिकलेले मात्र पुसले गेले. दुकानदारांनी एका शब्दाने न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. ते काही खास मुलांचे शिक्षक नव्हेत, पण त्यांनी केले ते शिक्षकाचेच काम.

आता तो कार्यशाळेत लिफाफे करतो, पणत्या रंगवतो. पगार थोडा आहे. पहिल्या पगाराचे त्याने काय आणले असेल? मला वाटले, आईला काहीतरी आणील. त्याने आपल्या रेडिओसाठी सेल आणले. मला क्षणभर वाईट वाटले. मग मनात आले, इतरांची मुलेही हेच करतात.

इथवर आशांचे झाले. आता भीतीचे बोलते, कारण या आयांच्या बाबतीत दोहोंची घडी एकच असते. आमच्यासारख्या दहा जणी एकत्र बसलो तर त्यातल्या नऊ जणी देवाजवळ एकच मागणे मागताना ऐकाल, "याच्यानंतर एक दिवस मला ने." आई मुलासाठी शतायुष्य मागते. आम्ही मात्र त्याने आमच्याआधी जावे असे मागतो. उघड असे कोणी म्हणत नाही, पण त्या मागण्याचा अर्थ तोच होतो. मीही कित्येक वर्षे हेच मागत आले. यजमान २०१५ साली गेले, तेव्हापासून तर रोज.

यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्वी या मुलांना आयुष्य थोडे असे. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते. हृदयाच्या शस्त्रक्रिया व इतर उपचार सुधारले, आणि आज तेथे ते सुमारे ६० वर्षांवर गेले आहे. आपल्याकडेही साठीकडे झुकलेली अशी माणसे आता दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तिचा अर्थ असा की माझा मुलगा बहुधा माझ्यामागे पुष्कळ वर्षे जगेल. देव माझे मागणे मान्य करणार नाही, आणि त्याने ते करूही नये.

मग माझ्यामागे त्याचे कसे?

या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरीव उत्तर आहे. बहीण आहे ना! मलाही तेच गृहीत वाटे. मुलीला स्थळे येऊ लागली तेव्हा दोन घरांनी भावाला पाहून नकार कळवला, तो मी तिच्यापासून लपवला. तिला तो कळलाच. ती रागावली, पण स्थळांवर नव्हे, माझ्यावर. "तू सगळ्यांना सांगतेस की तो माझ्याकडे राहील. मला कधी विचारलंस? आणि त्याला विचारलंस?" मला उत्तर नव्हते. भावंडांची माया आईच्या पदरात बांधून दिलेल्या ओझ्याने वाढत नाही, हे मला तिने शिकवले. आज ती बंगळूरला असते व भावाशी दर रविवारी अर्धा तास बोलते. पुढे त्याने तिच्याकडे राहावे की येथेच राहावे, याचा विचार आता आम्ही तिघे मिळून करतो.

दुसरे उत्तर मला तुम्हीच दिले. ते सांगायचे म्हणूनच आज उभी राहिले आहे. २०१९ साली जिन्यात पाय घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. अकरा दिवस मी रुग्णालयात होते. मुलगी येऊन पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत शेजारच्या घरांनी त्याला काही कमी पडू दिले नाही. ताट वाढले, घास भरवले, कपडे चढवले, बटणेही लावून दिली. रात्री तो बाहेर पडेल या काळजीने दाराला बाहेरून कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी तो जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसला. आईच्या आठवणीने असे झाले, असेच सर्वांना वाटले. त्या भगिनी येथे बसल्या आहेत, आणि त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. त्यांच्या मायेत तिळभर उणे नव्हते. ज्याला बटणे लावता येतात त्याची बटणे दुसऱ्याने लावली, एवढेच काय ते चुकले.

दुसऱ्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनींनी कुलूप काढले, आत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला चहा हवाय. दूध नाही. काय करायचं?" तो बराच वेळ गप्प राहिला. वहिनीही गप्प राहिल्या. मग तो उठला, पैसे घेतले, कोपऱ्यावरून दूध आणले आणि दोघांचा चहा केला. साखर जास्त पडली होती, असे वहिनी सांगतात.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी हे ऐकले आणि माझ्या ध्यानात आले की मी वर्षानुवर्षे त्याला शिकवत आले, पण तो काय शिकला हे शेजारी कोणाला सांगितलेच नाही. घरी आल्यावर मी एक वही केली. तिच्यात लिहिले आहे, त्याला काय काय येते. काय येत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी. मिक्सरच्या आवाजाने घाबरतो, आधी सांगावे. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, उत्तर येते. रागावला तर जवळ बसावे, हात धरू नये. ही वही वहिनींकडे एक आहे, दुकानदारांकडे एक आहे, मुलीकडे एक आहे. ज्या घरी असे मूल आहे तेथे अशी वही जरूर असावी.

वहीबरोबर कागदपत्रेही हवीत. अठरा वर्षे पूर्ण होताच आईबापांचे पालकत्व आपोआप संपते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या माणसांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, तीत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. ज्यांची दिव्यांगता निदान ४० टक्के आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की पालकाने व त्या व्यक्तीने परस्परांच्या विश्वासाने मिळून निर्णय घ्यावा. माझ्या मुलीने मला जे विचारले तेच कायदा विचारतो आहे. आईवडील सरकारी नोकरीत असतील, तर कमावण्यास असमर्थ असलेल्या दिव्यांग मुलाला त्यांच्यामागे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याची नोंद हयातीतच करून ठेवावी. मृत्युपत्रही करावे. 'पुढे पाहू' म्हणू नये, पुढे पाहायला आपण नसतो.

एकटीने हे सारे होत नाही, हे खरे. पण या कामातल्या संस्था पाहा. मुंबईत होरमसजी व जेरबाई वकील या दांपत्याने १९४४ साली आपल्या मुलीच्या निमित्ताने जी शाळा काढली, ती आज जय वकील म्हणून सर्वांना माहीत आहे. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशींनी 'कामायनी' काढली. मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलांसाठी मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत संस्था उभारली, ती स्वतःच्या मुलीचे शिक्षण डोळ्यांपुढे ठेवून. एका घरातली आशा चार घरांची झाली की तिला छप्पर मिळते.

आपले मंडळ शाळा काढू शकणार नाही. मी तसे मागतही नाही. माझे मागणे लहान आहे. आपल्या गल्लीत माझ्या माहितीची अशी तीन घरे आहेत. मंडळातल्या दोघी दोघींनी एकेका घराशी ओळख ठेवावी. ओळख म्हणजे आईची विचारपूस नव्हे, त्या मुलाशी ओळख. महिन्यातून एकदा त्याच्या हातचा चहा प्यावा, त्याची वही वाचावी. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाला त्यालाही बोलवावे, त्याच्या नावाने बोलवावे. आणि लहान बाळाला घेऊन बसलेल्या नव्या आईला "यावर काही उपाय नाही का?" असे विचारू नये. "याला काय आवडतं?" असे विचारावे. त्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर असते.

आणखी एक. तो ३० वर्षांच्या पुढचा पुरुष आहे, दाढी करतो. त्याला 'बाळ' म्हणू नये.

मी त्याला परवा विचारले, "आई सगळ्यांना आपल्या आशा सांगणार आहे. तुझी काय आशा आहे?" मी मनात दहापर्यंत मोजले. त्या दिवशी वीसपर्यंत मोजावे लागले. मग तो म्हणाला, "मला किल्ली पाहिजे."

घराची किल्ली. ते दोन दिवसांचे कुलूप तो इतकी वर्षे विसरला नव्हता, आणि मला ते एकदाही कळले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी किल्ली करून आणली. ती त्याच्या कमरपट्ट्याला आहे. तो मागे, दाराजवळच्या खुर्चीवर बसला आहे. या सभेच्या साठ खुर्च्या दुपारी त्यानेच मांडल्या. सभा संपल्यावर माझ्याशी नंतर बोला, आधी त्याच्याशी बोला. बोलल्यावर थोडे थांबा.

अलीकडे मी देवाजवळ ते जुने मागणे मागत नाही. अजून कधी रात्री तोंडावर येते, नाही असे नाही. त्या वेळी वहिनींच्या घरातला दिवा खिडकीतून दिसतो का ते पाहते. दिसला की झोप येते.